'उंबरा' राहून गेला

सलीमभाऊंच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या माझ्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. आता पुन्हा कुठलं तरी अक्षर टोचतंय म्हणून सांगतील, या वैतागानं मी तो कट केला. लगेच दुसरा आला, तोही कट केला आणि फोन पर्समध्ये टाकला. पाच वाजता शाळा सुटल्यावर उलट फोन लावला, तर त्यांची मुलगी रुबिना बोलली. "आत्या, सकाळी अब्बा गेले... अटॅक आला." जळगावला पोचले तोवर माती होऊन गेली होती. दोन महिने होत आले, पण त्या दोन कट केलेल्या फोनचा राग अजून जात नाही.

सलीमभाऊ गादीवाले. जळगावात खाली दुकान, वर एक खोली. दोन वर्षांपूर्वी मी माहेरची गादी पिंजायला टाकायला गेले, तेव्हा माझ्या मोबाइलवर माझंच गाणं वाजत होतं. अहिराणीत मी लग्नाची गाणी लिहिते आणि गाते. ते घरच्या घरी, फोनवर रेकॉर्ड केलेलं होतं. त्यांनी हातातलं काम थांबवून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "ताई, गानं चांगलं शे. पन हाऊ आवाज डब्यामातून येस." डब्यातून आल्यासारखा म्हणे! मला राग आला. पण पुढच्या रविवारी एसटीनं मी पुन्हा जळगावात हजर.

त्या वरच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक माइक, हेडफोन, आणि चारही भिंतींना गिऱ्हाइकांच्या तयार गाद्या उभ्या केलेल्या. कोपऱ्यांत कापसाची गाठोडी. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. हे सगळं ते यूट्यूबवर बघून आणि चुका करून शिकले होते. गाणं तासाभरात रेकॉर्ड व्हायचं. त्यानंतरचं काम मात्र संपतच नसे. ढोलकीचा घुमारा आणि कीबोर्डचे खालचे सूर माझ्या आवाजावर येऊन बसत. मी म्हणायची, "अहो, माझा आवाज वाढवा ना मग." ते मान हलवायचे. "वाढवून काही होत नाही ताई. बाकीच्यांना थोडं बाजूला सरकवावं लागतं." हेडफोनवर जमलं की मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर लावायचं, मग शेजारच्या रिक्षात जाऊन ऐकायचं. रिक्षात ढोलकी बोकांडी बसली की वर येऊन पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरात चार गाणी झाली. माझ्याबरोबरच्या गाणाऱ्या बायका आठवड्याला एक गाणं यूट्यूबवर टाकत होत्या, आणि मी रविवारमागून रविवार एकच ओळ गात होते.

शेवटी माझा धीर संपला. त्यांनी नुसतं ऐकायला पाठवलेलं पाचवं गाणं मी त्यांना न विचारता टाकून दिलं. ते चाललं. महिन्याभरात हळदीला, वरातीला वाजायला लागलं. भडगावला माझ्या भाचीच्या लग्नात डीजेनं ते लावलं, तेव्हा सलीमभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. छाती हादरत होती, बायका नाचत होत्या. ते शांतपणे म्हणाले, "गानं वाजी ऱ्हायनं ताई, पन तुमना आवाज कोठे शे?"

"लोकांना आवडतंय ना?" मी म्हटलं.

"लोक नाचताहेत. ऐकत कुणीच नाही."

खरं होतं. माझा एक शब्द कळत नव्हता. पण त्या क्षणी मला खरं नको होतं. दोन महिने मी जळगावला फिरकले नाही. मग त्यांचाच निरोप आला, तेच गाणं नव्यानं करू. मी गेले, गायले. शेवटच्या कडव्यात 'उंबरा' या शब्दाला माझा श्वास तुटत होता. "पुढच्या रविवारी तेवढा एक शब्द घेऊ," ते म्हणाले. पुढच्या रविवारी मी गेले नाही. पेपर तपासायचे आहेत म्हणून कळवलं. पेपर तपासून झालेले होते. बुधवारी ते गेले.

चाळिसाव्यानंतर रुबिनानं कॉम्प्युटर उघडून ते गाणं लावलं. इतका स्वच्छ माझा आवाज मी कधीच ऐकला नव्हता... ढोलकी जिथल्या तिथे आणि प्रत्येक शब्द वेगळा. 'उंबरा'च्या जागी मात्र नुसती वाद्यं. तुटका शब्द त्यांनी काढून टाकला होता आणि जागा माझ्यासाठी ठेवली होती.

"आत्या, आत्ता गाऊन टाका," रुबिना म्हणाली. मी गायले. पंधरा वेळा गायले. पण लग्नसराई तोंडावर आली म्हणून तिनं गिऱ्हाइकांच्या गाद्या पोचत्या केल्या होत्या, कापूसही हलवला होता. उघड्या भिंतींत तो शब्द परका वाटत होता, दुसऱ्याच बाईनं मध्ये येऊन म्हटल्यासारखा. तिनं सगळी बटणं फिरवून पाहिली. जमलं नाही. चिडून मी हेडफोन टेबलावर आदळला आणि लगेच पुसून ठेवला.

गाणं मी तसंच टाकलं. "ताई, मध्येच आवाज जातो," असं लोक कळवतात. समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. सलीमभाऊंची एक सवय होती. काम संपत आलं की ते आवाज इतका बारीक करायचे की पंख्याची घरघर वर यायची, आणि विचारायचे, "शब्द कळतो का?" सकाळी डबा भरताना मी ते गाणं तसंच बारीक लावते. सगळं कळतं. शेवटच्या कडव्याशी आले की हात थांबतो, श्वास भरून घेतला जातो, आणि तो शब्द मी ओट्याशी उभी राहून म्हणते. आता तो बरोबर लागतो.