व्हया आणि पायजे

धाकटी बहीण दीड वर्षाची असताना डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या जिन्यावरून पडली. मेंदूला मार बसला आणि येत होते ते चार शब्दही गेले. डॉक्टर म्हणाले, "वय लहान आहे. मेंदूचा दुसरा भाग बोलणं शिकू शकेल. बोलत राहा तिच्याशी."

आई वर्षभर बोलत राहिली. एका सकाळी तिने नेहमीसारखं विचारलं, "दूध व्हया गो बाय?"

"पायजे!" बहीण मूठ उगारून म्हणाली.

आमच्या मालवणी घरात हा शब्द नव्हता. तो गॅलरीखालून जाणाऱ्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांतला, "झालाच पाहिजे"मधला होता. त्या अनोळखी मोर्चेकऱ्यांचा मी आजही ऋणी आहे.

पेला रिकामा होताच आईने पुन्हा विचारलं, "आणि व्हया?"