पूर्ण किमतीचा कोट

ओसाकातल्या तेन्जिनबाशीच्या बाजारगल्लीत तोकुए काकूंना ओळखत नाही असा दुकानदार नाही, आणि त्यांना येताना पाहून जो गल्ल्यावर हात ठेवत नाही असाही नाही. बाई अडुसष्ट वर्षांच्या, उंचीने बेताच्या, केसांना जांभळी झाक. पन्नास वर्षांत लेबलावरची किंमत आपण एकदाही दिली नाही, असं त्या सांगतात आणि गल्ली मान डोलावते. मुळ्याचं लोणचं घेतलं तरी भाव पाडणार, आणि निघताना दुकानदाराच्याच हातावर पिशवीतली एक लिमलेटची गोळी ठेवणार. तो बिचारा गोळी चघळत बसतो आणि आज आपण कमावलं की गमावलं याचा विचार करतो.

माझं शिक्षण तोत्तोरीकडच्या एका छोट्या गावात झालं. तिथे नवा कपडा घातला आणि कोणी छान म्हटलं, तर खाली मान घालून लाजायचं. ओसाकात लाजत नाहीत. इथे उलट विचारायचं, "केवढ्याला असेल, सांग बघू?" समोरच्याने मुद्दाम चढा आकडा सांगायचा, मग आपण खरा, पाडलेला आकडा सांगायचा, आणि समोरच्याने किंचाळायचं. किंकाळी जितकी मोठी तितकी बाई कर्तबगार. इथल्या आठ वर्षांत मीही बऱ्यापैकी किंचाळायला लागलोय.

गेल्या मंगळवारी सकाळी काकू आमच्या कपड्यांच्या दुकानात आल्या. मालक ओरिमोतो बँकेत गेले होते, म्हणजे लढायचं मलाच होतं. काकूंनी एक निळा कोट काढला. अगदी साधा, ना इथल्या बायकांच्या आवडीचं बिबट्याचं तोंड, ना चमकी. घातला, आरशात पाहिलं, बाहीवरून हात फिरवला, आणि गल्ल्यावर चार हजार आठशे येन ठेवले. लेबलावर होते तेवढेच.

मी वाट पाहत उभा राहिलो. यात काहीतरी डाव असणार.

"काय बघतोयस? कमी आहेत?"

"नाही काकू, बरोबर आहेत."

"मग पिशवी दे की."

त्या गेल्यावर मी नोटा उजेडात धरून पाहिल्या. खऱ्या होत्या.

दुपारी समोरच्या कराओकेवाल्या कॉफीघरात जेवायला गेलो. शंभर येनला एक गाणं, त्यामुळे गल्लीतल्या बायका जेवण उरकलं की तिथेच. काकूंची जुनी मैत्रीण इकुयो माइक धरून एका विरहगीताच्या ऐन दुःखात होती. काकू कोट घालून आत आल्या आणि तिने दुःख तिथेच सोडलं.

"अगं तोकुए, कोट बघू! थांब, मी सांगते. आठ हजार?"

"नऊ!" मागून कोणीतरी म्हणालं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. इतका गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"पाचशे," त्या म्हणाल्या.

अशी किंकाळी उठली की गाण्याचं संगीत ऐकू येईना. माझ्या तोंडातली उदोनची जाड शेवई नाकात गेली.

बुधवारी दुकान उघडायला गेलो तर शटरपुढे अकरा बायका. सगळ्यांना पाचशेवाला निळा कोट हवा. सोबत आलेले मालक सावकाश माझ्याकडे वळले.

"शुहेई, तू पाचशेला विकलास?"

हो म्हणावं तर माझी नोकरी जाते. नाही म्हणावं तर काकूंची पन्नास वर्षांची अब्रू जेवणाच्या वेळेपर्यंत धुळीला मिळते. मी "आँ?" म्हणालो.

तेवढ्यात काकूच आल्या, तोच कोट घालून.

"त्याला ओरडू नका. पाचशे मी खोटं सांगितलं. मी चार हजार आठशे दिले, एक येनही न पाडता."

त्या अकरांत उभी असलेली इकुयो हसत सुटली.

"ऐकलंत? चार हजार आठशे म्हणे! आम्हाला पळवून लावायचं आणि उरलेले कोट हिनेच न्यायचे!"

"अगं, खरंच दिले! पोरा, सांग ना यांना."

"दिले हो," मी म्हणालो. "माझ्याच हातात दिले."

"पोरालाही पढवलंय! म्हणजे पाचशेही नसणार, तीनशेच असणार. काय बाई आहे!"

टाळ्या पडल्या. मालकांकडून मोज्यांचा भाव पाडून घेऊन सगळ्या खुशीत गेल्या.

काकू स्टुलावर बसल्या. "शुहेई, मला काय झालंय रे? डॉक्टरला दाखवू का? आरशात बघितलं, बरा दिसला, आणि भाव करायचं सुचलंच नाही. आता खरं सांगते तर कोणी ऐकत नाही."

"परत घेऊ का? पूर्ण पैसे देतो," मालक म्हणाले.

काकू उठल्या आणि त्यांनी एक हात बाहीतून काढला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. मग हात पुन्हा बाहीत घातला.

"असू दे. थंडी आहे."

थंडी अजिबात नव्हती. त्या गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो.

"आता त्या गेल्या," मालक हळूच म्हणाले, "किती घेतलेस?"

मी पावतीची प्रत काढून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"बरं," ते म्हणाले. "आता खरं सांग."