किल्लीने खरवडलेला पत्रा
परवा शेजारी खिडकीच्या गजांना रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर लावत होते, त्या वासाने मला पेणचं एक गॅरेज आठवलं. वडिलांची जुनी मोटार मी रोह्याहून तिथे नेऊन दिली होती. तिचा खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. मिस्त्रीने नवा पत्रा जोडून आधी मला दाखवायचा आणि मगच रंगाने झाकायचा, असं ठरलं होतं. मी ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच गेले, तर गाडी खालून काळीकुळकुळीत! "दाखवणार होतात ना?" मी विचारलं. "खाडीची हवा हाय ताई, उघडा पत्रा एका दिवसात गंज धरतो," असं म्हणून तो चहा सांगायला गेला. मला काही ते पटलं नाही. गंजावरच पुट्टी थापली असणार, या खात्रीने मी गाडीखाली सरकले आणि किल्लीने खरवडू लागले. काळा थर गेला, पुट्टी गेली, तांबडा प्रायमर गेला आणि खाली लखलखीत नवा पत्रा निघाला. तेवढ्यात त्याचे पाय गाडीशी येऊन थांबलेले दिसले. तो चिडला नाही. वाकून एवढंच म्हणाला, "आता हिथूनच गंज शिरल," आणि प्रायमरचा ब्रश त्याने माझ्या हातात दिला. त्या गॅरेजात मी पुन्हा कधी गेले नाही. काम चोख होतं, पण तिथे तोंड दाखवायची मलाच लाज वाटायची.