वाहून आणलेल्या मातीची दखल

फिलोमिनाबाई डिमेलो यांच्या गिरगावातल्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला त्यांच्याकडून एक लहानसा आकडा हवा होता. मी नुकतीच वकिलीची सनद घेतली होती आणि पहिलेच काम घरचे निघाले होते. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहणारे. कोकणात वडिलांच्या नावावर डोंगरउताराची थोडी जमीन. ती त्यांनी गावातल्या सुमन परब आणि त्यांच्या यजमानांना पंधरा वर्षांच्या कराराने कसायला दिली होती. मधल्या काळात यजमान वारले. सुमनताई एकट्याने शेती करत राहिल्या. आता मुदत संपली होती, वडिलांना जमीन परत हवी होती. सुमनताईंचे म्हणणे एवढेच, की आम्ही जमिनीत जे केले त्याची भरपाई द्या. ती किती, हे ठरवायला दोन्ही बाजूंना मान्य असा जाणकार हवा होता. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून बाई हेच काम करत होत्या.

मी कागद पुढे ठेवले. "काजूची झाडं आहेत, एक बांध आहे. फार काही नाही."

"तुम्ही पाहिलीत?"

"फोटो आहेत ना मोबाईलमध्ये."

बाईंनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, फोटो बघून मी मासळीसुद्धा घेत नाही."

पुढच्याच आठवड्यात आम्ही गावी गेलो. बाईंनी झाडे मोजली, बांधाची लांबी घेतली. माझ्या मते काम संपले होते. तेवढ्यात सुमनताई भाताच्या एका तुकड्यापाशी थांबल्या आणि संकोचत म्हणाल्या, "ह्यां लिवतलात काय?"

"काय आहे इथे?" बाईंनी विचारले.

"माती. व्हाळातसून डोक्यार हाडली आमी. ते आणि मी. दोन उन्हाळे."

"माती तर जमिनीचीच," मी म्हणालो. "तिची भरपाई कसली?"

बाईंनी कुदळ मागून घेतली आणि बांधाच्या बाहेर स्वतः घाव घातला. चार बोटांवर कातळ लागला. मग तुकड्याच्या आत खणले आणि मला म्हणाल्या, "हात घाला." माझा हात कोपरापर्यंत आत गेला. दोन माणसांनी ओढ्यातून टोपल्या भरभरून इतकी माती वर आणली होती. मी मान वर केली तेव्हा सुमनताई पदराने डोळे पुसत होत्या. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लिहिते मी, सुमन. सगळं लिहिते."

अहवाल त्यांनी पाठवून दिला नाही. चाळीचे तीन मजले चढून त्या आमच्या खोलीत आल्या आणि वडिलांना तो वाचून दाखवला. वडील संतापले. "गिरणी बंद झाली तेव्हा माझ्या हातात काय पडलं? सगळी उमर घातली मी तिथे. मला कोणी भरपाई दिली, म्हणून मी देऊ?"

"दादा, तुमच्यावर अन्याय झाला," बाई शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा कोणी गिरणीत तुमच्या खात्यात येऊन तुमचं काम बघितलं होतं?"

वडील एकदम बोलायला लागले: कापड विणायचे चार साचे ते एकट्याने कसे चालवत, सूत तुटले की बोटांना कसे आधी कळायचे. हे त्यांनी मलाही कधी सांगितले नव्हते. बाईंनी सगळे ऐकून घेतले. शेवटी वडील म्हणाले, "एका दमात जमायचं नाही. पण देतो म्हणावं."

निम्मी रक्कम लगेच दिली गेली, उरलेली पुढच्या दोन वर्षांत. तोवर काजूचे पीक सुमनताईंचेच राहिले. त्या पैशांतून त्यांनी माहेरगावी स्वतःच्या नावाची थोडी जमीन घेतली. ताबा देताना मात्र सुमनताई मातीच्या त्या तुकड्याभोवती एकदा फिरल्या आणि मागे न बघता निघून गेल्या. मी ओशाळलो. "भरपाईनं सगळं भरून येत नाही," बाई म्हणाल्या, "पण न देण्यापेक्षा ते बरं."

त्यानंतर मी बाईंकडे शिकायलाच जाऊ लागलो. स्वतःच्या चुकीलाही त्या सूट देत नसत. एकदा एका कुळाने खणलेली विहीर पाण्याने भरलेली असताना त्यांनी तिची खोली कमी धरली. उन्हाळ्यात ते लक्षात आल्यावर त्यांनी दोन्ही पक्षांना स्वहस्ते पत्र लिहून आपला अहवाल चुकल्याचे कळवले. जमीनमालक बिथरले, त्यांनी पुढची कामे काढून घेतली. मी हळहळलो तर म्हणाल्या, "चूक माझी. कुळानं का सोसायची?"

माझी आई परळच्या रुग्णालयात होती, तेव्हा मला कोर्टात जाता यावे म्हणून बाई रोज दुपारी येऊन तिच्यापाशी बसत. ती शुद्धीत असो वा नसो, तिचे केस विंचरून वेणी घालून देत. आम्ही आभार मानायला गेलो की विषय बदलत.

बाईंना आता पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. गुडघे कुरकुरतात, हातात काठी आली आहे. या गौरवग्रंथाची कल्पना सांगायला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे एक जोडपे बसले होते. भाड्याने घेतलेला भाजीचा मळा त्यांना सोडावा लागणार होता आणि तिथे त्यांनी पाण्यासाठी चर खणले होते. बाईंनी माझे बोलणे अर्ध्यावर तोडले. "ग्रंथाचं नंतर बघू. शनिवारी मोकळे आहात ना? यांच्याकडे जायचंय."

गाडी मी आणणार आहे, बाई. आपली प्रकृती ठणठणीत राहो, आणि असे पुष्कळ शनिवार आपल्याला व आम्हा सर्वांना लाभोत.