दार्युशचे स्वार आणि नायक सिद्दप्पा

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्यात चुका असतील, हकीकतीत नाहीत.

आम्ही म्हैसूरचे मराठे. आजोबा तिथल्या महाराजांच्या घोडदळात होते. त्यांची तलवार म्हैसुरातच, विजयनगर भागातल्या आमच्या घरात भिंतीवर आहे. मी फौजेत गेलो आणि मिळालं काय, तर सिग्नल्स. खांद्यावर तारेचं रीळ, हातात पकड. सुट्टीवर आलो की चुलते म्हणायचे, "आला बघा आमचा तारवाला!" झोंबायचं.

पोस्टिंग काश्मीरला, बर्फात. वर चौकीत अकरा जवान, खाली आमचं एक्सचेंज, मधे तीन किलोमीटर टेलिफोनची तार. ती तुटायची, आम्ही जोडायचो. माझा जोडीदार नायक सिद्दप्पा, म्हैसूरजवळच्या नंजनगूडचा, कानडी बोलणारा.

आमचे कॅप्टन साहेब चहाच्या वेळी इतिहास सांगायचे. एकदा इराणचा जुना बादशहा दार्युश याचा विषय निघाला. राज्य सिंधू नदीपासून पार ग्रीसच्या उंबऱ्यापर्यंत.

मी म्हटलं, "घोडदळ तगडं असणार, साहेब."

"जिंकायला घोडदळ. राखायला?"

साहेब म्हणाले, त्याने मुलुखाचे सुभे केले, सुभ्यावर सुभेदार नेमला, सुभेदारावर नजर ठेवायला वेगळी माणसं. आणि सगळ्यांना बांधणारा रस्ता. टप्प्याटप्प्यावर ताजा घोडा, ताजा स्वार. एकाने निरोप आणायचा, दुसऱ्याने पुढे न्यायचा. पायी तीन महिन्यांची वाट, पण निरोप आठवड्या-दीड आठवड्यात.

सिद्दप्पाने विचारलं, "त्या स्वारांची नावं काय, साहेब?"

"कुणी लिहिली नाहीत. दार्युशने कड्यावर कोरलं ते स्वतःचं."

सिद्दप्पा मला म्हणाला, "एनु राव, तारवाले तेव्हापण होते की!" एनु म्हणजे 'काय' आणि राव म्हणजे मी.

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी सातला लाइन गेली. मी वर गेलो, तार जोडली. नियम असा, की जोडल्या जागेवरूनच टेस्ट फोन लावून दोन्ही टोकांशी बोलायचं. हात बधिर झाले होते. मी एक्सचेंजशी बोललो, चौकीशी नाही. उतरलो आणि "लाइन थ्रू", म्हणजे लाइन चालू, असं सांगितलं.

नऊला हुकूम आला. बर्फ कोसळण्याचा धोका, चौकी ताबडतोब खाली आणा. रेडिओवर नुसती खरखर. फोन लावला, वरून उत्तर नाही. तार आणखी पुढेही तुटली होती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत सिद्दप्पा म्हणाला, "राव उतरल्यावर नवा ब्रेक झाला असेल, साहेब. मी जातो."

"मी जातो," मी म्हटलं.

"बोटं बघ तुझी. साकु, बस." साकु म्हणजे पुरे.

१०.२०ला फोन वाजला. "एक्सचेंज, सिद्दप्पा बोलतोय. चौकीशी बोललो. लाइन थ्रू."

त्याच लाइनवर साहेबांनी हुकूम दिला. अकरा जण डोंगराच्या धारेवरून उतरले, सगळे. सिद्दप्पाची वाट नाल्यातून होती. १०.४५ला उतारावरचं बर्फ सुटलं. तो दुसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडला.

मी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "माहीत होतं." आणि सिद्दप्पाची पकड माझ्या हातात दिली.

तो फेरा माझा होता. त्यानंतर माझं लग्न झालं, मुलं झाली, आता नात इथेच हेब्बाळ भागात कंपनीत नोकरीला जाते. ही सगळी त्याची देणगी. पकड मी तलवारीच्या वरच्या खिळ्याला टांगली आहे. चुलते रागावले होते. काढली नाही.

कड्यावर कोरणं मला जमायचं नाही. म्हणून इथे लिहितो. नायक सिद्दप्पा, लाइनमन, नंजनगूड.