कापसाच्या ढिगावरची हाक

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतली गोष्ट. मी अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो, तर तिची माडीसुद्धा कापसाने अर्धी भरलेली होती. तिची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. बोल फुटावा म्हणून घरचे तिला पोपटाने टोचलेले पेरू चारत होते.

"तिचा बापबी उशिराच बोलला," बहिणीच्या सासू, आमच्या विहीणबाई, म्हणाल्या. "अन् आयकू येते तिले. पाहा." त्यांनी मागून हाक मारली आणि मुलगी वळली.

तिला ऐकू येत नसावे, हा माझा संशय गेला नाही. हाक मारताना विहीणबाई दर वेळी एक पाऊल पुढे टाकत, आणि माडीच्या लाकडी फळ्या पायाखाली हलत. मी मुलीला कापसाच्या ढिगावर बसवले आणि पुन्हा हाक मारायला सांगितले. त्यांनी मारली, मग मोठ्याने मारली. मुलगी कापूस उधळत राहिली.

"भाऊ, तुमी आमच्या लेकरात खोट काढाले आले काय?"

"नाही. पण तिच्याशी मागून बोलू नका. उजेडात समोर बसा, वस्तू हातात धरा, तोंड दिसू द्या. खुणा करायला लाजू नका."

विहीणबाई माझ्याकडे संशयानेच पाहत होत्या. तरी त्या नातीसमोर बसल्या, गडू उचलला आणि म्हणाल्या, "पाणी." मुलीने गडूकडे पाहिले, मग त्यांच्या ओठांकडे. विहीणबाईंनी मान वर न करता मला जरा बाजूला सरकायला सांगितले. मी उजेड अडवत होतो.