देव्हाऱ्यातलं कार्ड

चारोटीला माझी खानावळ होती, तेव्हा मी गल्ल्यावर अशा थाटात बसायचो, जणू हायवेची वाहतूक माझ्याच परवानगीने चालते. मग हौसेने शेजारी लॉज बांधायला घेतलं आणि माझं दिवाळं वाजलं. कोर्टाने नादार ठरवलं. नातेवाइकांनी ते आधीच ठरवलं होतं, कोर्टाला जरा वेळ लागला इतकंच.

बायकोचं जे गेलं, ते मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कर्जाच्या कागदांवर मी तिची जामीनदार म्हणून सही घेतली होती. ती बोंबील साफ करत होती. मी पेन पुढे केलं, "इथे कर गं सही," म्हणालो, आणि ओल्या हाताने तिने केली. पुढे तिच्या बांगड्या गेल्या, माहेरून मिळालेली चिकूची वाडीही गेली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

नादारीतून सुटल्यावर मी दुसऱ्याच्या टेम्पोवर चिकू वाहू लागलो. स्वतःचा टेम्पो हवा तर बँक हवी, आणि बँकेत मला कुणी दारात उभं करेना. शेवटी डहाणूच्या एका तरुण साहेबांनी वाट दाखवली. "काका, थोडी एफडी करा, त्यावर क्रेडिट कार्ड देतो. वर्षभर नीट सांभाळा, मग कर्जाचं बघू."

आम्ही सांभाळलं. असं सांभाळलं की विचारू नका! कार्ड आलं त्याच दिवशी बायको ते घेऊन विवळवेढ्याला गेली, महालक्ष्मीच्या पायाला लावून आणलं आणि हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवलं. रोज एक फूल, दसऱ्याला झेंडूची माळ. खरेदी मात्र एका पैशाची नाही.

वर्षाने मी ताठ मानेने बँकेत गेलो. साहेबांनी आधी स्क्रीन पाहिली, मग मला.

"काका, इथे काहीच दिसत नाही. कार्ड वापरलंच नाही?"

"सांभाळा म्हणालात ना!"

साहेबांना हसू आवरेना. "थोडं उधार घ्यायचं आणि वेळेवर फेडायचं, काका. त्यावरूनच माणूस कळतो."

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे कर्ज मिळावं म्हणून आधी कर्ज काढायचं? अहो, देवाने या बँकवाल्यांना पण तुमचंच डोकं दिलंय." तरी तिने कार्ड देव्हाऱ्यातून काढलं, कुंकू पुसलं आणि स्वतःच्या पाकिटात ठेवलं. मग गॅसचा सिलिंडर आणि वाणसामान त्या कार्डावर येऊ लागलं. बिल आलं की त्याच दिवशी ती मला मानगुटीला धरून भरायला लावायची.

आणखी दीड वर्षाने टेम्पोचं कर्ज मंजूर झालं. पण सोबत तिची सही लागणार होती. हे तिला सांगायला मला तीन दिवस लागले. ती फक्त "हं" म्हणाली, आणि मला भीती वाटली.

बँकेत साहेबांनी कागद पुढे ठेवले. मी सवयीने पेन काढून तिच्यासमोर धरलं. तिने ते घेतलं नाही. कागदांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"आधी वाचा. मोठ्याने."

मागच्या वेळी मीही वाचले नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी वाचू लागलो. अडलो की साहेब समजावून सांगत. मागची माणसं चुळबुळ करू लागली, ती हलली नाही. शेवटच्या पानापर्यंत माझा आवाज बसला होता.

तिने पेन घेतलं. हात कोरडेच होते, तरी पदराला नीट पुसले, आणि मग सही केली.